शेवटी उतरवायचं ते आधी

टेम्पोवाल्याच्या घरात नियम असे फारसे नव्हतेच. कधीही जेवा, कुठेही झोपा, रेडिओ हवा तेवढा मोठा लावा. एक नियम मात्र दगडावरची रेघ होता: शेवटी उतरवायचं ते आधी भरायचं.

त्याला कारण होतं. टेम्पोच्या हौद्याला दार एकच, मागचा फाळका. ज्या गिऱ्हाइकाकडे दिवसाच्या शेवटी पोचायचं, त्याचा माल पहिला चढवायचा, पार केबिनच्या भिंतीला टेकवून. आणि ज्याच्या दारात पहिल्यांदा थांबायचं, त्याचा सगळ्यात शेवटी, फाळक्याशी, हात घातला की हाताला लागेल असा. हे उलटं झालं की पहिल्याच थांब्यावर भर रस्त्यात सगळा संसार खाली मांडावा लागतो, आणि मागच्या गाड्यावाले आपल्या सात पिढ्यांची विचारपूस करतात.

एवढी अक्कल टेम्पोवाल्याच्या लेकीला बेरीज यायच्या आधी आली होती. सात वर्षांची असल्यापासून ती सुट्टीत फाळक्यापाशी वही घेऊन उभी राहायची, नग मोजायची, आणि एखाद्या हमालाने खोकं चुकीच्या जागी टेकवलं की कमरेवर हात ठेवून असं काही ओरडायची की तो बापडा खोक्यासकट दचकायचा. तेव्हापासून बाबा तिला मुकादम म्हणायला लागले. मग आई म्हणायला लागली, मग शेजारपाजारचे, आणि बारावीच्या निकालाच्या दिवशी तर तिच्या वर्गशिक्षिकाही फोनवर म्हणाल्या, "मुकादमाचं अभिनंदन सांगा."

तो एक नियम टेम्पोतून उतरून घरातही शिरला होता. मुकादमाच्या दप्तरात शेवटच्या तासाचं पुस्तक तळाशी असायचं. फ्रीजमध्ये उद्याचं दूध मागे आणि आजचं पुढे. आई बाजारातून आली की बाबा आधी पिशवीत डोकावून बघायचे आणि "हे कांदे वर कसे?" असं विचारून उगाच बोलणी खायचे.

आणखी एक सवय होती, ती एकट्या बाबांची. कुठल्याही फेरीआधी ते हाताला लागेल त्या कागदाच्या पाठीवर एक लांबट चौकोन काढायचे. तो हौदा. त्यात रेघा मारून कप्पे पाडायचे, कप्प्यात गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं, आणि माल काचेचा किंवा नाजूक असला की नावाभोवती एक गोल. मग ती चिठ्ठी ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या, ऊन अडवणाऱ्या झडपेत खोचून ठेवायची. काम पुरं झाल्याशिवाय चिठ्ठी फेकायची नाही, अशी त्यांची रीत. झडपेत कायम पाच-सात चिठ्ठ्या खोचलेल्या असायच्या आणि खड्डा आला की त्यातली एखादी मांडीवर पडायची.

तर अशा या मुकादमाने बारावी झाल्यावर काय शिकायचं, हे दोन वर्षांपूर्वीच ठरवलं होतं, आणि ठरवलं होतं तेही टेम्पोमुळेच. एका कारखान्यात खोकी पोचवायला बाप-लेक गेले होते. आत शिरली तर भिंतीवर फळ्या, आणि फळ्यांवर पावलं. नुसती पावलं, डावी एकीकडे, उजवी एकीकडे, लहान मापापासून मोठ्या मापापर्यंत. तिथे कृत्रिम हातपाय बनत होते. दोन आडव्या दांड्यांच्या मधे एक पोस्टमन नवा पाय लावून उभा होता. तो सात पावलं चालला, थांबला आणि म्हणाला, "चावतोय हो." बनवणाऱ्या बाईंनी "कुठे?" म्हणून विचारलं, पाय काढला, आतून जरासा घासला, पुन्हा लावला. आता पोस्टमन चौदा पावलं चालला आणि दांडी सोडून उभा राहिला. बाहेर बाबांनी तीनदा हॉर्न वाजवला तरी मुकादम जागची हलली नव्हती.

त्या कामाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम होता. पण तो होता दुसऱ्या शहरात. टेम्पोने पाच तास, म्हणजे हॉस्टेलवर राहणं आलं.

आई म्हणाली, "जा. मी आहे ना खंबीर." बाबा म्हणाले, "बघू की."

आता हे "बघू की" मोठं फसवं प्रकरण होतं. सायकल मागितली तेव्हाही ते "बघू की" म्हणाले होते आणि सायकल आली. कुत्रा मागितला तेव्हाही "बघू की" म्हणाले होते आणि कुत्रा काही आला नाही. त्यामुळे या वेळचं "बघू की" सायकलीचं की कुत्र्याचं, हे मुकादमाला कळायला मार्ग नव्हता. एवढंच दिसत होतं, की हल्ली बाबा तिच्या खोलीच्या दारात कारण नसताना येऊन उभे राहायचे आणि "काही नाही, पंखा चालतोय ना बघायला आलो" असं म्हणून जायचे.

आणि मग ऐन अर्जाच्या आठवड्यात मुकादमाला कांजिण्या निघाल्या. अठराव्या वर्षी! लहानपणी सगळ्या गल्लीला आल्या तेव्हा हिला नाही आल्या, आणि आता कपाळापासून तळपायापर्यंत अंगावर गुलाबी औषधाचे ठिपके देऊन ती खोलीत कोंडून बसली. अर्ज प्रवेश केंद्रावर नेऊन द्यायला सोमवार शेवटचा दिवस. आईला शिवणकारखान्यात महिनाअखेरीमुळे सुट्टी मिळेना. राहता राहिले बाबा.

अर्ज तिने घरीच भरला, सहीसुद्धा केली. राहिला फक्त पसंतीक्रमाचा तक्ता. त्यात अभ्यासक्रमांचे सांकेतिक आकडे लिहायचे होते, आणि त्या आकड्यांचं पुस्तक केंद्रावर टेबलाला साखळीने बांधलेलं. म्हणून तिने एका चिठ्ठीवर पाच नावं एकाखाली एक लिहिली. सगळ्यात वर कृत्रिम हातपाय. मग फिजिओथेरपी, मग प्रयोगशाळेचा एक कोर्स, मग नर्सिंग, आणि तळाला, अगदीच वेळ पडली तर म्हणून, बसथांब्यामागचं कॉमर्स कॉलेज, घरापासून चालत दहा मिनिटं. नावांपुढे तिने एक, दोन असे क्रमांक घातले नाहीत. पहिलं वर असतं, हे कुणाला सांगावं लागतं का?

"बाबा, आकडे नीट बघून लिहा," दारातून ती म्हणाली.

"मुकादम, अठ्ठावीस वर्षं माल पोचवतोय. एक खोकं इकडचं तिकडे गेलं नाही," बाबा म्हणाले, आणि चिठ्ठी खिशात घालून गेले.

संध्याकाळी ते आले तेच मुळी शीळ घालत. मुकादमाचं ताट खोलीत, दार अर्धं उघडं, बाहेर आई-बाबा जेवायला बसलेले. पहिला घास घेऊन बाबांनी गोष्ट सांगायला घेतली.

"अगं, तिथला खिडकीतला कारकून, काय सांगू, शेंबडं पोर बरं. मला म्हणतो, काका, वरून खाली लिहा. मी म्हटलं, बाबा रे, तू तुझं खिडकीचं काम बघ, भरायचं कसं ते मला नको शिकवू."

आईचा हात थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे काय? पहिलं लिहिलं ते पहिलं आत गेलं. पार तळाला. ते लोक उघडतील तेव्हा हाताला आधी काय लागणार? शेवटी भरलेलं! म्हणून कॉमर्स घातलं एक नंबरला, आत, केबिनला टेकवून. आणि मुकादमाचं हातापायाचं घातलं पाचला. एकदम फाळक्याशी. उघडलं रे उघडलं की पहिलं तेच हातात!"

खोलीत मुकादमाने ताट बाजूला सारलं. नियमांच्या पुस्तिकेतलं वाक्य तिला पाठ होतं: पहिल्या क्रमांकाच्या पसंतीची जागा मिळाल्यास पुढील सर्व पसंती रद्द समजण्यात येतील. आणि तिच्या गुणांना कॉमर्सची जागा डोळे मिटून मिळाली असती.

"अहो," आई सावकाश म्हणाली, "तो कागद आहे. टेम्पो नाही."

मग आईने त्यांना समजावून सांगितलं. बाबांचा चेहरा मुकादमाला दिसत नव्हता, पण वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. आणि मग आईच्या तोंडून ते निघून गेलं. रागात निघालं, पण निघालं. "का मुद्दामच केलंत? तिला पाठवायला तुमचं मन होत नव्हतं, हे मला दिसत नाही होय?"

मुकादम कान देऊन थांबली. बाबा आता उसळतील, ओरडतील, ताटावरून उठतील, असं तिला वाटलं. ओरडले असते तर तिने लगेच विश्वास ठेवला असता. बाबा काहीच बोलले नाहीत. उठले, दोन्ही ताटं घेऊन मोरीपाशी गेले आणि घासत बसले. दोन ताटं त्यांनी दोन-दोनदा घासली.

जागा गेली याचं दुःख होतंच. पण त्या गप्प बसण्याने मुकादमाच्या काळजाला जो चटका बसला, तो वेगळाच होता. ज्या माणसाने अठ्ठावीस वर्षांत कुणाचं खोकं इकडचं तिकडे केलं नाही, त्याने नेमकं आपलंच केलं? आणि मुद्दाम?

पुढचे चार दिवस ती बाबांशी बोलली नाही. सकाळी दाराबाहेर कपबशी वाजायची. "मुकादम, चहा." आतून हूं नाही की चूं नाही. थोड्या वेळाने तीच कपबशी पुन्हा वाजायची, गार झालेला चहा परत जायचा. कांजिण्या खाजवायच्या नसतात म्हणून ती हातात मोजे घालून बसली होती, आणि बापावरचा राग तर मोज्याबाहेरूनही खाजवता येत नव्हता.

पुस्तिका मात्र ती पुन्हा पुन्हा वाचत होती. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत सापडलं: अर्जातील चुकांच्या दुरुस्तीसाठी शनिवारी दुपारी बारापर्यंत विद्यार्थ्याने स्वतः हजर राहावे. शुक्रवारी डॉक्टरांनी खपल्या तपासल्या, सगळ्या वाळल्यात म्हणाले, जाऊ दे तिला बाहेर.

शनिवारी बाप-लेक टेम्पोत बसून निघाले. बाबांनी दोनदा घसा साफ केला आणि दोनदा रेडिओचं बटण फिरवलं. मुकादम खिडकीबाहेर बघत होती.

केंद्रावर मोठी रांग होती. पण मुकादमाचा खपल्यांनी भरलेला चेहरा दिसला आणि रांग आपोआप पांगली. दोन मिनिटांत ते खिडकीशी. कारकुनाने बाबांना बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, मी सांगितलं होतं का नव्हतं?"

"सांगितलं होतंस," बाबा म्हणाले. त्यांनी एवढ्या खालच्या आवाजात काही कबूल केलेलं मुकादमाने कधी ऐकलं नव्हतं.

त्याने त्यांना आत मॅडमकडे पाठवलं. मॅडमच्या टेबलावर फायलींचा ढीग असा होता की पलीकडे फक्त चष्मा दिसत होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नाव चुकलं, गुण चुकले, जन्मतारीख चुकली, ती चूक. पसंतीक्रम उलटा करून द्या म्हणजे मन बदललं. सकाळपासून अकरा जणांची मनं बदललीत. मी कुणाकुणाला पुरी पडू?"

"माझं मन बदललेलं नाही, मॅडम," मुकादम म्हणाली. "मी वेगळंच लिहून दिलं होतं. चिठ्ठीवर."

"कुठे आहे ती?"

मुकादमाने पाच दिवसांत पहिल्यांदा बाबांकडे बघितलं.

"टेम्पोत," बाबा म्हणाले. "झडपेत असेल. काम कुठे पुरं झालंय अजून?"

घड्याळात साडेअकरा झाले होते. बाबांच्या हातातली किल्ली तिने जवळजवळ हिसकावूनच घेतली आणि पळत सुटली. केबिनचं दार उघडून झडप खाली ओढली तशा सगळ्या चिठ्ठ्या सीटवर सांडल्या. फरशीवाला, रंगाचं दुकान, फर्निचरवाला, आणि मग तिचं अक्षर. वर कृत्रिम हातपाय, तळाला कॉमर्स. पण त्यापुढे क्रमांक नव्हते. याने काय सिद्ध होणार, असं म्हणत तिने चिठ्ठी उलटली.

मागे लांबट चौकोन होता. हौदा. त्यात पाच कप्पे. पार आत, केबिनपाशी, बाबांच्या ठसठशीत अक्षरात: "कॉलेज, बसथांब्यामागचं." मग नर्सिंग, प्रयोगशाळा, फिजिओ. आणि फाळक्याशी, सगळ्यात पुढे: "हातपाय. मुकादम. आधी हेच." त्याभोवती गोल होता, नाजूक मालाला काढतात तो. आरशाच्या दुकानाच्या मालालासुद्धा बाबा एकच गोल काढायचे. इथे त्यांनी पेन एकावर एक तीनदा फिरवलं होतं. कागद फाटायचा तेवढा राहिला होता.

मुकादम टेम्पोच्या पायरीवर बसली. तिला रडू आलं, आणि त्याने गालावरच्या खपल्या अशा खाजायला लागल्या की रडावं की खाजवावं कळेना. मुद्दाम केलं नव्हतं. बाबांनी तिचं स्वप्न सगळ्यात जपून, सगळ्यात दाराशी ठेवलं होतं. दार चुकलं होतं एवढंच.

ती धावत परत आली आणि चिठ्ठी मॅडमपुढे उलटी ठेवली. "हा आमच्या टेम्पोचा हौदा आहे. शेवटी उतरवायचं ते आधी भरायचं. बाबांनी अर्ज असा भरला."

मॅडमनी चिठ्ठी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. "पण असं कुठे असतं का? अर्ज म्हणजे काय सामान आहे? आधी आलेलं आधीच बघतात."

बाबांनी समोरच्या ढिगाकडे बघितलं. "मॅडम, रागावू नका," ते म्हणाले, "पण तुमच्याकडे आधी आलेली फाइल कुठे आहे?"

मॅडमनी ढिगाकडे बघितलं. आधी आलेली फाइल तळाला होती. खूपच तळाला होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि मग एकदम त्यांना हसू फुटलं. "बसा," त्या म्हणाल्या. "कारण लिहून द्या. कारण मात्र मला खरंखुरं पाहिजे."

बाबांनी लिहिलं: "अर्ज माल भरण्याच्या पद्धतीने भरला. चूक माझी. मुलीची नाही." खाली सही. नवा तक्ता मुकादमाने स्वतः भरला, वरून खाली. मॅडमनी शिक्का मारला तेव्हा बाराला सात मिनिटं कमी होती. मुकादमाचा जीव भांड्यात पडला.

परत येताना पहिला सिग्नल लागला तशी ती म्हणाली, "त्या दिवशी आई बोलली तेव्हा गप्प का बसलात? नाही म्हणायचं ना."

सिग्नल सुटला. बाबांनी गिअर टाकला. "नाही कसं म्हणू? तुला पाठवायला मन होत नव्हतं, हे खरंच होतं की. अर्ज भरताना तसलं काही डोक्यात नव्हतं, तुझी शपथ. पण ती तसं बोलली आणि मलाच शंका आली. म्हटलं, मला न विचारता हातांनी परस्पर केलं की काय?"

"चिठ्ठीवर तीन गोल आहेत, बाबा."

"पेन नीट उठत नव्हतं," बाबा म्हणाले.

मुकादमाने ती चिठ्ठी पुन्हा झडपेत खोचली. घरी पोचल्यावर ती दोन कप चहा प्यायली.

दीड महिन्याने यादी लागली. पहिलीच पसंती. आईने सगळ्या कारखान्याला सांगितलं, बाबांनी सगळ्या गिऱ्हाइकांना. आणि जायचा दिवस ठरला तसं बाबांनी त्या शहराचा मालही धरला. रिकामा टेम्पो पाच तास न्यायचा म्हणजे त्यांच्या जिवावर आलं असतं. रंगाचे डबे, फरशा, दोन शिलाई मशिनं आणि एक आरसा, चार ठिकाणची चार गिऱ्हाइकं.

सकाळी मुकादम नेहमीसारखी वही घेऊन खाली आली, तर माल केव्हाच भरून झाला होता. आई केबिनमध्ये मधल्या जागेवर जाऊन बसलीसुद्धा होती.

"माझी पेटी?"

"चढवली," बाबा म्हणाले. ते सुतळी आवळत होते.

तिने फाळक्यातून आत बघितलं. पुढे फरशा, मग रंगाचे डबे, मग मशिनं, आरसा मध्ये गोधडीत गुंडाळलेला. पेटी कुठे दिसेना. ती चाकावर पाय देऊन वर चढली, मान उंच केली, तेव्हा दिसली. पार आत, केबिनच्या भिंतीला टेकलेली, तिच्या निळ्या पेटीचा एक कोपरा. सगळा माल काढल्याशिवाय हात पोचणार नाही अशी.

मुकादमाने रस्ता पाठ केला होता. हॉस्टेल शहरात शिरल्या शिरल्या लागत होतं, नाक्याला लागूनच. चारही गिऱ्हाइकं त्याच्या पुढे, शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेली. शिकाऊ हमालानेसुद्धा ती पेटी फाळक्याशी ठेवली असती.

तिने सवयीने कमरेवर हात ठेवले. "बाबा, हॉस्टेल तर सगळ्यात आधी लागतं."

"हो ना," बाबा म्हणाले. गाठ केव्हाच बसली होती, तरी ते सुतळीकडेच बघत होते. "माहितेय मला."

मुकादम खाली उतरली. तिने वहीत पाच थांबे मांडले, पाचव्यापुढे, हॉस्टेलपुढे, बरोबरची खूण केली आणि फाळक्याची एक बाजू उचलून धरली.

"भरलंय बरोबर," ती म्हणाली. "चला."